ओठांवरचा धडा

पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कोणीतरी गेलं हे वाचण्याआधीच कळलं. कोण, एवढंच पाहायचं राहिलं होतं. तासगावच्या शाळेत मी तेव्हा चौथीच्या मुलांना त्रैराशिक शिकवत होतो. फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं, मुलांना ते पाटीवर उतरवून घ्यायला सांगितलं आणि मग खिडकीशी जाऊन कार्ड वाचलं. माझ्या आधीच्या गावात माझ्या जागी आलेल्या नव्या गुरुजींनी चारच ओळी लिहिल्या होत्या. हवालदार मारुती साळुंखे मंगळवारी पहाटे वारले, छातीत कफ झाला होता, चार दिवसांचं दुखणं. आपला त्यांच्याशी घरोबा होता असं ऐकतो, म्हणून कळवत आहे. मी कार्ड कोटाच्या खिशात टाकलं आणि पुढचं उदाहरण घातलं. रडणंबिडणं माझ्या स्वभावात नाही, आणि हवालदारांनाही ते आवडलं नसतं. पण संध्याकाळी आरसा पुढ्यात घेऊन मिशा कातरायला बसलो तेव्हा कात्री हातातच राहिली. या मिशा मी ज्यांच्यासाठी कातरत होतो, ते माणूसच आता नव्हतं...

औंधापासून पाचेक मैलांवरच्या त्या गावात मी सात वर्षं मास्तरकी केली. घरटी एक माणूस लष्करात, त्यामुळे गावात मास्तरचं निम्मं काम पत्रं वाचण्याचं आणि उरलेलं निम्मं पत्रं लिहिण्याचं. मुलांना शिकवणं मधल्या वेळात. मारुती साळुंखे लढाईवर गेले तेव्हा त्यांची बायको तानूबाई पोटुशी होती. मुलगी झाल्याचं पत्र मीच लिहिलं होतं. चार वर्षांनी ते परत आले ते हवालदार होऊन आणि दोन्ही कान गमावून. इटलीतल्या कुठल्याशा टेकडीवर तोफेचा गोळा अंगाजवळ फुटला. हातापायाला खरचटलंही नाही, कान तेवढे गेले. अंग धडधाकट असल्यामुळे गावातल्या लोकांना त्यांचं दुखणं पटायला वेळच लागला. जखम दिसत नसली की आपल्याकडे माणसाला आजारी म्हणत नाहीत.

लष्करानं त्यांना कानाचं यंत्र दिलं होतं. आता शहरात अशी यंत्रं पाहायला मिळतात म्हणे. आमच्या भागात ते पहिलंच. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढी काळी पेटी, ती छातीवर अडकवायची. तिच्यातून निघालेल्या वायरच्या टोकाला कानात घालायचं बोंड. शिवाय कमरेला खाकी पिशवी आणि त्या पिशवीत दोन सेल, एक मोठा, एक लहान. हवालदार त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला महिनाभर टिके, धाकट्याचं आयुष्य मात्र फार थोडं. पेटी लावून ते पहिल्यांदा घरात आले तेव्हा मुलगी, अनुसया, घरच्यांची अनशी, आईच्या पदराआड उभी होती. बापाला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. हवालदारांनी बटण फिरवलं, आणि त्या यंत्राची खोडच अशी की बोंड नीट बसलं नाही की ते बारीक शीळ घालायचं. ‘‘आये, ह्या बाप्याच्या छातीत शिट्टी वाजतीया,’’ असं मुलगी म्हणाली. लेकीचा आवाज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो असा. पुढे कितीतरी वेळा त्यांनी हे मला सांगितलं, आणि दर वेळी सांगून झाल्यावर मिशीतल्या मिशीत हसले.

यंत्र फुकट मिळालं होतं, पण सेल संपले की ते यंत्र म्हणजे छातीवरचं ओझं. कान गेलेल्या शिपायाला सेल सरकारातून मिळत. त्याची रीत ठरलेली होती. वर्षातून एकदा पुण्याच्या लष्करी इस्पितळात जाऊन डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं राहायचं, बोर्डानं कागद द्यायचा, तो साताऱ्याच्या कचेरीत जमा करायचा, आणि मग दर तीन महिन्यांनी पोस्टानं ठरावीक सेलांचं पार्सल येणार. ते सेल दिवसाला तासाभराच्या ऐकण्याला पुरत. त्याहून जास्त ऐकायचं असेल तर बाजारातून विकत आणा. हवालदारांनी पुण्यात एका दुकानी चौकशी केली तर महिन्याच्या सेलांना पेन्शनीतली निम्मी रक्कम जाईल असं कळलं. ते दुकानातून जे बाहेर पडले ते परत कधी त्या पायऱ्या चढले नाहीत. सरकार देतंय तेवढ्यातच भागवायचं, आणि त्यातलेही थोडे अडीअडचणीला मागे टाकायचे, असं त्यांनी ठरवलं. पेटी बहुतेक वेळ बंद. मग चावडीवर, दुकानात, शेताच्या बांधावर लोकांचं बोलणं समजायचं कसं? त्यांनी लोकांच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली.

हे काम त्यांनी कवायतीसारखं मनावर घेतलं. समोरचा काय बोलतो ते ओठांच्या हालचालीवरून ओळखायचं. सुरुवातीला गंमती झाल्या. पान खाऊन बोलणाऱ्या तलाठ्याला ते हात जोडून आधी थुंकून यायला सांगत. विडी ओठात धरून बोलणारांशी त्यांनी बोलणंच सोडलं. माझी अडचण वेगळी होती. माझ्या मिशा तेव्हा चांगल्या झुपकेदार होत्या, वरचा ओठ पार झाकलेला. एके दिवशी शाळेच्या पायरीवर बसून ते सरळ म्हणाले, ‘‘मास्तर, तुमच्याशी बोलायचं म्हंजी धाकटा सेल खर्ची घालाय लागंल. त्या मिशा थोड्या कातरा की.’’ मला राग आला. मिशा माझ्या वडिलांच्या घाटाच्या होत्या. आठवडाभर मी त्यांच्याकडे गेलो नाही. आठव्या दिवशी मिशा कातरून गेलो, कारण गावात बोलण्यासारखं दुसरं माणूस नव्हतं, हे खरं कारण. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि आता तुम्ही स्पष्ट लिहिलेल्या अक्षरासारखे दिसता, असं म्हणाले. वर्ष-सव्वा वर्षात त्यांची नजर इतकी तयार झाली की नवख्या माणसाला त्यांचे कान गेलेत हे कळायचंही नाही.

एका माणसाचं बोलणं मात्र त्यांना ओठांवरून कळत नव्हतं, आणि ते अनुसयेचं. ती शाळेत यायला लागली होती. संध्याकाळी घरी बसून त्या दिवशीचा धडा वाचायची, आणि पुस्तक धरायची ते तोंडासमोर, अगदी नाकाशी. तशी शिस्त मीच लावलेली. पुस्तक उभं, डोळ्यांसमोर, कोपरं अंगाला टेकलेली. इन्स्पेक्टर येत तेव्हा त्यांना तसं आवडे. तर पुस्तकाआडचे ओठ बापाला दिसायचे नाहीत. म्हणून दिवसभर वाचवलेले सेल हवालदार त्या वेळी खर्च करत. एक पायली पालथी घालायची, तिच्यावर पेटी ठेवायची, कारण छातीवर असली की स्वतःच्याच सदऱ्याची खसखस ऐकू येते. मुलीला पायलीपाशी बसवायचं, बोंड कानात, बटण चालू. एक धडा ऐकायचा. धडा संपला की अनुसया पुस्तक खाली घेऊन विचारायची, ‘‘कळलं का?’’ मास्तर वर्गात विचारतात तसं. ‘‘कळलं,’’ असं म्हणून ते बटण बंद करत. सगळ्या दिवसात त्यांना ऐकायचं होतं ते एवढंच.

आता माझ्या शहाणपणाची हकीकत सांगायला हवी. दुसऱ्या वर्षी बोर्डाची तारीख आली तेव्हा हवालदार धास्तावले होते. साहेब काय विचारील, काय म्हणेल. मी पडलो मास्तर. परीक्षा म्हटली की माझ्या डोक्यात एकच विचार येतो, मुलगा तयार करायचा. मी त्यांची तयारी करून घेतली. पंधरा दिवस रोज संध्याकाळी शाळेत त्यांना समोर उभं केलं, पेटी काढून ठेवायला लावली, आणि लष्करी हिंदुस्थानीत प्रश्न विचारले. नाव काय, पलटण कोणती, गाव कुठलं, जेवलास का, आज वार कोणता. चुकले की पुन्हा. शेवटी शेवटी ते एकही चुकेनात. आम्ही दोघंही खूश होतो. आमच्या गावात साहेबापुढे उभा राहिलेला माणूस पास होऊन आला पाहिजे, याहून वेगळा विचार कोणाच्या मनात आलाच नाही. बायकांनी यमाईला नारळ ठेवला. रहिमतपूरच्या स्टेशनापर्यंत त्यांना सोडायला मीही गेलो.

ते तिसऱ्या दिवशी परत आले ते ताठ मानेनं. साहेब गोरा, दाढीमिशी साफ केलेला, खिडकीच्या उजेडात समोरासमोर बसलेला. पेटी काढून ठेव म्हणाला आणि प्रश्न विचारत गेला. ‘‘समद्या सवालांची उत्तरं बराब्बर दिली, मास्तर. एकबी चुकलो न्हाई. साहेब निस्ता बघतच ऱ्हायला,’’ असं त्यांनी सांगितलं. मी त्यांची पाठ थोपटली आणि पहिल्या वर्गात पास म्हणालो. हे शब्द मला आजही आठवतात, आठवू नयेत असं पुष्कळ वाटतं तरी.

महिन्यानं लखोटा आला. इंग्रजी मजकूर, म्हणून हवालदार तो घेऊन शाळेत आले. मी वाचला, पुन्हा वाचला. यंत्राशिवाय ऐकण्याची शक्ती पुरेशी आहे असं बोर्डाला आढळून आलं, सबब सेलांचा पुरवठा यापुढे बंद करण्यात येत आहे. हवालदार माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी सांगायला लागलो. अर्धं वाक्य झालं असेल, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना सगळं समजलं. पण ते म्हणाले, ‘‘आज तुमचं व्हट वाचता येईनात, मास्तर. उद्या सांगा.’’ आणि लखोटा तिथेच ठेवून निघून गेले. मी काही दुसऱ्या दिवशी गेलो नाही. काय सांगणार होतो?

मागे टाकलेले सेल ट्रंकेत होते, ते त्यांनी आता काढले. त्यातले काही लावल्याबरोबर मेलेले निघाले. लष्करानं सडका माल पाठवला असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. मी तर तसा तक्रारअर्जही लिहायला घेतला होता. उरलेले दीड महिना पुरले. मग पेटी खुंटीला लागली. गावाला त्याचा काही फरक पडला नाही, कारण गावासाठी ती पेटी बंदच होती. हवालदार चावडीवर यायचे, बोलायचे, चेष्टामस्करी करायचे. विकत आणण्याचा विषय मी एकदा काढला. वर्गणी काढू म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

त्याच सुमाराला वर्गात अनुसयेचं वाचन बिघडलं. तिला वाचायला उभी केली की ती पुस्तक खाली, पोटाशी धरायची, मान वर ठेवायची आणि नुसते ओठ हलवायची. आवाजच नाही. मोठ्यानं वाच म्हटलं की दोन ओळी वाचे, पुन्हा आवाज बंद. पोरं हसायची. मी आधी समजावलं, मग रागावलो, आणि एके दिवशी पुस्तक नीट धरत नाही म्हणून तिच्या हातावर पट्टी मारली. दोनदा मारली. ती रडली नाही, बापासारखी ताठ उभी राहिली. त्याचाच मला जास्त राग आला आणि संध्याकाळी तिच्या बापाकडे तक्रार घेऊन गेलो.

त्यांच्या घराचं दार पश्चिमेला आहे. दिवस मावळायला आला होता आणि सगळा उजेड उंबऱ्यावर पडला होता. अनुसया उंबऱ्याशी बसली होती, पुस्तक मांडीवर उघडं, मान वर. समोर पालथ्या पायलीवर, जिथे पूर्वी पेटी असायची तिथे, हवालदार स्वतः बसले होते. ती मान खाली घालून ओळ बघायची, मग मान वर करून ती ओळ ओठांनी म्हणायची, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आवाज अजिबात नव्हता. हवालदार पुढे वाकून बघत होते. मी अंगणातच थांबलो. तानूबाई परसातून पाण्याची कळशी घेऊन आल्या, मला बघून पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, ‘‘म्या तिला इचारलं, आगं आवाज काढ की. तर म्हनती, बाला ऐकू येत न्हाई तर वरडायचं कशापायी. खरंच हाय की वो, मास्तर.’’ धडा संपला. मुलीनं ओठांनी विचारलं, कळलं का. बापानं मान हलवली. मी तक्रार न करता परत फिरलो. मला लाज वाटली, हे सरळ लिहून टाकतो. पट्टी मारलेला हात पुस्तकाच्या पानावर होता, तो मला अंगणातूनही दिसत होता.

त्या रात्री झोप लागली नाही असं काही मी म्हणणार नाही, लागली. पण सकाळी उठल्यावर अर्जात काय लिहायचं ते डोक्यात तयार होतं. हवालदारांची परीक्षा घेताना विचारणाराच्या तोंडासमोर कागद धरावा, एवढीच माझी विनंती होती. हा माणूस ऐकत नाही, बघतो. ओठ झाकले की त्याला काही कळत नाही, हे त्याची मुलगी पुस्तक तोंडासमोर धरून वाचत असे त्यावरून आम्हाला ठाऊक आहे. अर्ज हवालदारांना वाचून दाखवला, म्हणजे ओठांनी सांगितला. ते बिघडले. ‘‘म्हंजी आता नापास व्हायला पुण्याला जायाचं? पलटनीत म्या कंदी खोटी दांडी मारली न्हाई, आन् आता साहेबाम्होरं बैऱ्याचं सोंग आनू?’’ सोंग नाही, आहात ते दाखवायचं, असं मी परोपरीनं सांगितलं, पण ते हटून बसले. शेवटी आतून तानूबाई बाहेर आल्या, त्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांना वाचता येईल अशा बेतानं म्हणाल्या, ‘‘व्हा की नापास. पोरीच्या आवाजापरास पास होनं मोठं हाय व्हय?’’ हवालदारांनी अर्जावर सही केली.

अर्जाला उत्तर यायला पाच-सहा महिने गेले. मधल्या काळात साहेब गेले, आपलं राज्य आलं, कागद मात्र आपल्या चालीनंच चालले. तारीख आली तेव्हा मी रजा काढून बरोबर गेलो. या वेळचे डॉक्टर आपल्याकडचे, पिकल्या केसांचे, चष्मेवाले. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला, हवालदारांना पेटी काढून ठेवायची खूण केली, आणि तोच अर्ज उचलून आपल्या तोंडासमोर धरला. मी भिंतीशी उभा होतो. मुलीचं नाव काय, असं त्यांनी कागदाआडून विचारलं. हवालदार दोन पायांवर सरळ उभे, हात मांड्यांना चिकटलेले, नजर कागदावर. काहीच बोलले नाहीत. डॉक्टरांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. हवालदारांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. नाव माझ्या ओठांवर आलं होतं... मी तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरांनी कागद खाली घेतला आणि काहीतरी लिहिलं. झालं, जा म्हणाले, आणि हे म्हणताना तोंड झाकलं नाही.

परतीच्या गाडीत जेजुरी मागे पडेपर्यंत हवालदार पेटी मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत बसले होते. नापास होऊन आलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, ती अशीच बसतात. मग त्यांनी विचारलं, कागदाच्या आडून साहेब काय पुसत होता? सांगू की नको असं मला झालं. पण लपवलं असतं तरी त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलंच असतं. मी सांगितलं, तुमच्या मुलीचं नाव विचारत होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले. तसंच बघत म्हणाले, ‘‘एवढा सोपा सवाल व्हता व्हय, मास्तर.’’ स्वतःच्या दुःखाबद्दल हवालदारांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

पार्सल आलं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पायली पालथी घातली गेली, पेटी खुंटीवरून उतरली, थोरला आणि धाकटा जागच्या जागी बसले. बोंड कानात घालून हवालदारांनी वाच म्हणून खूण केली. अनुसयेचे ओठ हलले. त्यांनी बटण फिरवून पाहिलं, धाकटा काढून दुसरा घातला, वायर हलवली. पुन्हा ओठ हलले. हवालदारांचा चेहरा उतरला. तेव्हा तानूबाईंनी मुलीच्या पाठीत हलकेच धपाटा घातला, आगं आवाज काढ, तुझा आवाजच न्हाई म्हणून. इतके दिवस ती बिनआवाजी वाचत होती, तिला भानच राहिलं नव्हतं. मग तिनं घसा साफ करून मोठ्यानं सुरुवात केली. पहिल्या ओळीला हवालदारांनी डोळे मिटून घेतले. ओठ बघणारे ते डोळे मी कधी मिटलेले पाहिले नव्हते. मी त्या घरात बसून ऐकलेला तो सर्वांत बरा धडा, कोणता होता ते मात्र आठवत नाही.

एवढं झालं तरी माणसाची सवय सुटली नाही. एक धडा, की बटण बंद. मी म्हणायचो, आता पार्सल येतंय तर दोन ऐका, मुलीला गाणं म्हणायला लावा. ते म्हणायचे, बोर्डाचं मन कधी फिरेल सांगता येत नाही, चार सेल गाठीला असावेत. माझ्यासाठी त्यांनी पेटी कधीच लावली नव्हती, तो अपवाद एकदाच झाला. माझी तासगावला बदली झाली, निघायच्या सकाळी ते मोटारीपाशी आले, पेटी छातीवर, बटण चालू. आज तुमचा आवाज ऐकतो, म्हणाले. प्रकृतीला जपा, पत्र पाठवा, असलं काहीतरी बोललो. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, ‘‘बारीक हाय की तुमचा आवाज. मिशांवरनं वाटलं व्हतं, दांडगा असंल.’’ मग माझ्या देखत बटण बंद केलं. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर वर्षही झालं नाही आणि कोपरा फाडलेलं ते कार्ड आलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी गावाला गेलो. तानूबाईंनी ट्रंक उघडून दाखवली. घडी केलेल्या लष्करी कोटाखाली सेल ओळीनं मांडलेले होते, थोरले एका बाजूला, धाकटे एका बाजूला, काहींची कागदाची वेष्टणंसुद्धा फोडलेली नव्हती. यंत्र आणि उरलेले सेल सरकारजमा करायचे असा नियम, आणि ते केल्याखेरीज बाईंच्या पेन्शनीचा कागद पुढे सरकणार नव्हता. मी सगळं एका पिशवीत घालून साताऱ्याला नेलं. कचेरीतला कारकून वयस्क, सभ्य माणूस होता. त्यानं एक छोटा दिवा लावून एकेक सेल तपासला. एकावरही दिवा लागला नाही. मी म्हणालो, हे वापरलेले नाहीत, त्यांनी वाचवून ठेवले होते. तो म्हणाला, ‘‘हे वाचत नाहीत हो. पडून पडूनच संपतात, त्यात आपल्याकडची उष्णता. ऐकून घेतलं असतं तर तेवढ्याच दिवसांत संपले असते.’’ त्यानं पावती लिहून दिली. मी कचेरीच्या बाहेर येऊन पायरीवर बसलो. सेलांचे तास मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्या माणसाला रोज आणखी एक धडा ऐकता आला असता, एक आणा खर्च न होता, आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही कोणाला विचारलं नाही. मी स्वतःला त्या गावातला शिकलेला माणूस समजत होतो. याचं मला वाईट वाटतं, आणि ते कमी होईल असं दिसत नाही. तानूबाईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे हे लिहिलेलंही त्यांच्यापर्यंत जाणार नाही अशी आशा आहे.

पेन्शनीच्या कागदावर त्यांचा अंगठा घ्यायला गेल्या आठवड्यात पुन्हा जावं लागलं. अंगठा घेऊन झाला, चहा झाला. खुंटी रिकामी होती. पायली मात्र उंबऱ्याजवळ अजून पालथीच होती, धान्य मोजायला शेजारची आणतात म्हणे. मग, मास्तरच्या सवयीनं, मी अनुसयेला पुस्तक आणायला सांगितलं. ती आता तिसरीत आहे. वर्गात ती चांगलं खणखणीत वाचते असं नव्या गुरुजींनी मला वाटेतच सांगितलं होतं. ती पुस्तक घेऊन आली आणि पायलीसमोर, उंबऱ्याच्या उजेडात बसली. पुस्तक मांडीवर. मान खाली, मान वर. ओठ हलायला लागले, एकेक शब्द सुटा, सावकाश. आवाज नव्हता. तानूबाई तिला काही सांगायला पुढे झाल्या, त्यांना मी हातानं थांबवलं. मोठ्यानं वाच, असं मीही म्हणालो नाही. पायलीच्या मागे सरकून बसलो आणि तिच्या ओठांकडे बघत राहिलो. सगळं नाही, पण बरंचसं वाचता आलं. धडा संपला तेव्हा तिनं पुस्तक मिटलं, पायलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ओठांनीच विचारलं, कळलं का?

मिशा मी अजून कातरतो. आवाज न काढता मीही म्हणालो, कळलं, आणि ते तिला दिसलं.